टाकीतलं पेलाभर पाणी

१

माह्या इंजिनात पाणी जात नाई. हे मी कोणालेही छाती ठोकून सांगतो.

आर्णीपासून पंधरा किलोमीटरवर आमचं धरण. तिथल्या मच्छीमार सोसायटीची इंजिनाची बोट एकच, अन् ते इंजिन अकरा वर्षांपासून माह्या हातात. माहं नाव श्रावण. बाकीचे लोक ट्यूबवर नाई तर थर्माकोलवर बसून जाळे टाकतात. मी सकाळी बोट घेऊन साऱ्याइची मच्छी गोळा करतो अन् काठावरच्या बर्फाच्या पेटीपर्यंत आणतो. अकरा वर्षांत वल्हं मारत वापस यायची पाळी एकदाही आली नाई. दुसऱ्या धरणावरचे बोटवाले भर पाण्यात दोरी ओढून ओढून दमतात अन् मंग मले फोन लावतात. "श्रावणभाऊ, चालूच नाई होऊन राह्यलं!" मी इचारतो, "पेट्रोल गाळलं होतं का?" मंग तिकून फोन कटते.

लोकाइले वाटते, पाण्यातलं इंजिन पाण्याले काय भेते? अरे बाप्पा, पेट्रोलात दोन चमचे पाणी गेलं का खलास. म्हणून मी फनेलमधी चामड्याचा तुकडा लावतो. चामडं आधी पेट्रोलात भिजवायचं, मंग पेट्रोल खाली उतरते अन् पाणी वरच राह्यते. टाकी कधी अर्धी ठेवत नाई, अर्धी टाकी थंडीनं आतून घामेजते. टाकीतली नळी मी स्वतः दोन बोटं कापून आखूड केली हाये, म्हणजे तळाशी काही बसलंच तरी इंजिन ते ओढत नाई. अन् रोज दुपारी टाकी घरी आणून, तळचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन, उजेडात धरून पाह्यतो. ऑइल मिसळल्यानं आमचं पेट्रोल हिरवट दिसते. पाणी असलं तर खाली नितळ पट्टा दिसते. तो पट्टा अकरा वर्षांत मले दिसला नव्हता.

हे सारं दुसऱ्या एकाच माणसाले येते, माह्या पोरीले. अर्पिता नाव तिचं, वय बावीस. कार्बोरेटर खोलून, साफ करून वीस मिनिटांत बसवते अन् वरून मलेच म्हणते, "बाबा, तुमाले पंचवीस लागतात." काय सांगू, असं बोलली का माहं काळीज सुपाएवढं होते.

भादव्यात माहा खांदा गेला. डॉक्टर म्हणाला, दोरी ओढणं बंद. आता बोट कोणाच्या हाती द्यायची? अध्यक्ष भावसिंगभाऊचं म्हणणं, त्याचा पुतण्या नेमसिंग हाये ना. मी म्हटलं, माही पोरगी हाये. सारे मेंबर हसले. मी म्हटलं, हसता कायले, परीक्षा घ्या. तवा ठरलं. पंधरा दिवसांनी, सोमवारी, अर्पितानं एकटीनं बोट काढायची, सांडव्याजवळच्या लाल पिंपाले वळसा मारून वापस आणायची. मधी इंजिन बंद पडलं तर बोट नेमसिंगची. तोवर मी दुसऱ्या हातानं दोरी ओढून बोट काढत होतो.

सांडव्यावरून तवा पाणी पडून राह्यलं होतं. तिथं इंजिन बंद पडलं तर बोट पाण्यासंग खाली जाते, हे भावसिंगभाऊले माहीत होतं अन् मलेही.

२

त्याच आठवड्यात, बुधवारी, बाटलीत पट्टा दिसला.

मी बाटली दोनदा हलवली. हिरवं वर गेलं, नितळ खाली बसलं. सारी टाकी चामड्यातून गाळली, फनेलवर राह्यलेलं पाणी घरच्या स्टीलच्या पेल्यात ओतलं. पेला काठोकाठ भरला. थेंब कमी नाई, थेंब जास्त नाई.

माहं डोकं लगेच कामाले लागलं. टाकी घामेजली? घामानं चमचाभर पाणी होते, पेलाभर नाई. पंपावरचं पेट्रोल खराब? त्याच पंपावर अर्ध्या गावाच्या मोटरसायकली भरतात, कोणाचीच बंद पडली नव्हती. आजकाल पेट्रोलात इथेनॉल असते, ते पाणी ओढते अन् खाली बसते. पण त्याले स्पिरिटचा वास येते. मी पेला नाकाशी धरला. स्पिरिटचा वास नाई. पेट्रोलाचाही नाई. पेट्रोलाच्या टाकीतून निघालेलं पाणी अन् पेट्रोलाचा वास नाई!

अजून एक. भादव्यात धरणाचं पाणी चहासारखं गढूळ असते. हे पाणी नितळ होतं. दुपारचे दोन वाजले होते, टाकी उन्हात तापलेली, अन् पेल्याले बाहेरून दव सुटलं होतं.

मी ते पाणी नालीत फेकलं अन् कोणालेही सांगतलं नाई. अर्पितालेही नाई. लाज वाटली मले.

३

नेमसिंगचं काम हाये, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी झाकणावर टेप मारली, टेपवर सही केली. टाकी बोटीत ठेवल्यापासून घरी आणेपर्यंत नजर काढली नाई. घरी आलो, सही तशीच. गाळलं, तर एक पेला.

शुक्रवारी अर्पिता संग होती. त्या दिवशी पाणी दोन पेले निघालं. आता तिच्यापासून लपवून काय उपयोग, ती बाजूलेच बसली होती. तिनं पेले एकाशेजारी एक ठेवले अन् हसली.

"आपण दोघं होतो म्हणून दोन का, बाबा?"

"गप बस," मी खेकसलो. "हसायची गोष्ट हाये का हे? अजून अर्धा पेला असता तर नळीनं ओढलं असतं."

पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. शनिवारी मी एकटा गेलो, एक पेला. रविवारी पाऊस होता, बोट कुठं न थांबवता सरळ वापस आणली, तर पाणी नाई. तवा मले सुचलं. रोज आम्ही थांबतो कुठं? चिंचेपाशी. धरणाच्या मधात एका वाळलेल्या चिंचेचा शेंडा पाण्याबाहेर निघाला हाये. त्याले दोरी बांधायची, इंजिन थंड होऊ द्यायचं अन् भाकर खायची, ही माही अकरा वर्षांची सवय. पण यंदा पाणी जास्त चढलं होतं. जुन्या फांद्या बुडाल्या, म्हणून त्या बुधवारपासून मी दोरी दुसऱ्या अंगाले बांधायले लागलो होतो, उगवतीच्या. फरक पडला तो एवढाच.

सोमवारी मी अन् अर्पिता तिथं थांबलो, तवा मी खाण्याकडं लक्ष दिलं नाई, कान देऊन बसलो. इंजिन बंद केल्यावर पाण्यावर भल्ली शांतता असते. बोटीच्या बुडाखालून आवाज आला. ठक. फरशीवर भांडं ठेवते तसा. थोड्या वेळानं अजून एक, ठक.

टाकी पत्र्याची हाये. उन्हानं पत्रा वाजते, हे मले माहीत होतं. मी टाकीवर हात ठेवला. वरून तापली होती. तळाशी हात लावला तर गार.

घरी येऊन गाळलं. दोन पेले निघाले.

४

बंजाऱ्याइच्या तांड्यात रुपीबाई राह्यते. नव्वदीची असन. सारं गाव तिले याडी म्हणते, त्याइच्या बोलीत आईले याडी म्हणतात. धरणात पाणी यायच्या आधी तिचं घर तिकडंच होतं, एवढं मले माहीत होतं. मी मनाशी म्हटलं, खाली एखादी विहीर असन, झरा असन. झऱ्याचं पाणी बंद टाकीत कसं चढन, हे मी स्वतःले इचारलं नाई. माणसाले काहीतरी धरायले पाह्यजे.

ती ओट्यावर तूर निवडत बसली होती.

"याडी, त्या चिंचेपाशी विहीर होती का?"

"विहीर कायची, बेटा? घर होतं. दार उगवतीले." तिनं वर पाह्यलं. "तुमी तथी थांबता का?"

"थांबतो. भाकर खायाले."

"मंग पाणी भेटत असन."

 मी पाण्याचं काहीच बोललो नव्हतो.

"भेटते," मी म्हटलं.

"पेता ना?"

"फेकतो."

तिचा हात सुपात थांबला. "दारात येऊन बसता, भाकर खाता, अन् देल्लं पाणी फेकता? काहून?"

 पेट्रोलाच्या टाकीतलं पाणी कोण पेते, असं म्हणणार होतो. पण त्या म्हातारीपुढं ते बोलणं मलेच येडपटासारखं वाटलं.

"पाणी न पेता पाहुणा उठून गेला," याडी म्हणाली, "तर घरची बाई त्याच्या मागं जाते. इचारायले जाते, आमचं काय चुकलं म्हणून."

"कोण बाई, याडी?"

ती पुन्हा तूर निवडायले लागली. "मले काय माहीत? मी तर आता अथीच राह्यते."

५

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी मी एकटाच गेलो. खांदा ठणकत होता, तरी गेलो. ठरवलं होतं, पेऊन टाकायचं. एका पेल्यानं काय मरते माणूस? पोरीची परीक्षा पार पडली म्हणजे झालं.

घरून स्टीलचा पेला नेला होता. दोरी बांधली, इंजिन बंद केलं, भाकर सोडली. थोड्या वेळानं बुडाखाली आवाज आला. मी टाकी उघडली, तळाले नळी टेकवून रबरी पंपानं ओढलं. पहिल्या दाबातच नितळ पाणी आलं अन् पेला भरला तवा आपोआप थांबलं.

पेला ओठापर्यंत नेला, बरं का. पाण्याले वास होता, पण नवीन माठाचा. चांगलं पाणी होतं. खरं सांगतो, तहानही लागली होती.

अन् तवा माह्या डोक्यातला शहाणा जागा झाला. तो म्हणाला, अरे श्रावण, आठ दिवसांचं सरकारी ट्रेनिंग घेतलेला तू, सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं, जिल्ह्यात तुह्यासारखा इंजिनवाला नाई, अन् तू एका म्हातारीचं ऐकून टाकीतलं पाणी पेतो? उद्या लोकाइले कळलं तर? पाणी कुठून येते ते तुले सापडत नाई, तर सरळ तसं म्हण. पेतो कायले?

मले माहाच राग आला. मी पेला मागं, इंजिनाकडं, धरणात रिकामा केला.

बराच वेळ काहीच झालं नाई. मंग आवाज आला, पण बुडाखालून नाई. बोटीत आला. पुढच्या लाकडी फळीवर कोणी बसलं का ती जशी करकरते, तशी करकरली.

फळीवर कोणी नव्हतं. फळी ओली होती. पाणी उडालं असन, मी म्हटलं. पण पाणी तर मी मागं फेकलं होतं.

वापस येताना इंजिनाले रोजच्यापेक्षा जास्त रेस द्यावी लागली. मी एकदाही पुढं पाह्यलं नाई. अकरा वर्षांत पह्यल्यांदा मी बोट खाली मान घालून चालवली.

६

घरी येऊन गाळलं. पाणी नाई! बाटलीत तळापासून वरपर्यंत हिरवं पेट्रोल. रविवारी अर्पितानं सराव केला. मुद्दाम तिले चिंचेपाशी थांबायले लावलं. तरी पाणी नाई.

मी नाचायचाच बाकी होतो. म्हटलं, पाह्यलं? घाबरलो नाई म्हणून सुटलं. असाच फुशारकीत झोपलो.

सोमवारी सकाळी सारी सोसायटी काठावर जमा झाली. भावसिंगभाऊ टोपी घालून, नेमसिंग हाताची घडी घालून. अर्पितानं पँट दुमडली, टाकी उचलून बोटीत ठेवली, नळी जोडली, रबरी गोळा दाबला. पह्यल्या दोरीत इंजिन चालू. पह्यल्या! माह्या बाजूचे दोघं-तिघं "वा!" म्हणाले, अन् मी त्याइच्याहून मोठ्यानं म्हटलं.

आता बोटीचं एक सांगतो. इंजिन मागं असते, चालवणाराही मागं बसते. एकटा माणूस असला का सारं वजन मागं जाते अन् रेस देली का बोटीचं नाक वर उचलते, समोरचं दिसत नाई. म्हणून एकट्यानं जाताना आम्ही पुढं रेतीचं पोतं ठेवतो. परीक्षेत भावसिंगभाऊनं पोतं ठेवू देलं नव्हतं. म्हणाला, पाहू कशी सांभाळते.

बोट निघाली. नाक उचललं नाई.

तिनं रेस वाढवली. बोट पाण्यावर सपाट चालली, पुढं कोणीतरी बसलेलं असताना चालते तशी. सांडव्याजवळ पाण्याचा ओढा दिसून राह्यला होता.  लाल पिंपापाशी तिनं असा वळसा घेतला का माह्यानंही झाला नसता. वळताना बोट आडवी झाली, अन् उन्हात मले दोन डोके दिसले. एक मागं अर्पिताचं. दुसरं पुढं, पदर घेतलेलं, तिच्याकडं तोंड करून. माह्या डोळ्यात तवा पाणी आलतं, हेही खरं. डोळे पुसले तोवर बोट सरळ झाली होती.

नेमसिंग माह्या कानाशी येऊन बोलला. पोट्टं मनानं चांगलं हाये. "काका, मले नसतं जमलं. नाक जराही उचलू देलं नाई पोरीनं."

बोट काठाले लागली. टाळ्या वाजल्या, बाया हसून राह्यल्या, भावसिंगभाऊनं टोपी काढली अन् साऱ्याइसमोर म्हटलं, "उद्यापासून बोट अर्पिताची." ती उडी मारून उतरली अन् येऊन माह्या पाया पडली. तिले उठवता उठवता माही नजर बोटीवर गेली.

बोट रिकामी होती. मागं पन्नास किलोचं इंजिन, पुढं काही नाई. मागचा भाग खाली अन् नाक वर असायले पाह्यजे होतं. नाक पाण्याले टेकलं होतं.

मी तोंड उघडलं होतं. सांगतलं असतं तर तिथल्या तिथं बोट नेमसिंगकडं गेली असती. बाप येडा अन् पोरगी झपाटलेली, असं लोक म्हणाले असते, अन् मंग ह्या धरणावर कोण्याच पोरीच्या हाती बोट आली नसती. अर्पिता माह्याकडं पाहून हसून राह्यली होती. मी तोंड मिटलं.

७

आता मार्गशीर्ष लागला. अर्पिता रोज जाते. इंजिन एकदाही बंद पडलं नाई, बाटलीत पट्टा दिसला नाई. आर्णीच्या बाजारात लोक मले थांबवून म्हणतात, "श्रावणभाऊ, पोरीनं नाव काढलं." काढलंच! मी काय खोटं बोलू, माही मान ताठ होते.

आधी ती डब्यात दोन भाकरी नेत होती. आता चार नेते. मी इचारलं तर म्हणाली, "पाण्यावर भूक लागते, बाबा."

मी चिंचेपाशी जायले तयार हाये. पाणी पेयाले तयार हाये, हात जोडून सांगायलेही तयार हाये का तुमचं काही चुकलं नाई, चूक माही हाये. इचारायचं ते मले इचारा, पोरीचं काय घेणं-देणं? पण टाकीत आता पाणीच येत नाई. मागच्या आठवड्यात मी अर्पिताले म्हटलं, एक दिवस मले संग ने.

"जागा नाई, बाबा," ती म्हणाली. मंग डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे, पेट्या असतात ना मच्छीच्या."

मले भेव वाटते. इतकं भेव मले माह्या जिवाचंही कधी वाटलं नाई.

आज यवतमाळहून एक साहेब आलते, सोसायटीची बोट पाहाले. आम्ही काठावर उभे होतो. अर्पितानं दोरी सोडली, पण इंजिन लगेच चालू केलं नाई. पुढच्या फळीकडं पाहून क्षणभर थांबली, कोणी नीट बसेपर्यंत थांबतात तशी. मंग दोरी ओढली. बोट सपाट निघाली. ती पुढं पाहून काही बोलली अन् हसली. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू आले नाई.

"वा," साहेब म्हणाले. "एवढ्या मोठ्या पाण्यात एकटी जाते का हो पोरगी?"

साऱ्याइच्या नजरा माह्याकडं होत्या. मी छाती काढली.

"हो साहेब," मी म्हटलं. "एकटीच."